सैनिकांचा स्मृतिपथ पुन्हा उभा करताना

धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दुतर्फा झाडे लावलेला एखादा जुना रस्ता सावरायचा असे ठरले, की पहिल्याच बैठकीत रोपांची चर्चा सुरू होते: कोणती आणायची, किती आणायची आणि लागवडीचा दिवस कोणता धरायचा. ही चर्चा निदान वर्षभर पुढे ढकलावी, असे मी आग्रहाने सांगेन. अशा रस्त्यावर प्रत्येक झाड एका माणसाच्या नावाने लावलेले असते. त्या माणसाचा देह बहुतेक वेळा दूरदेशी पुरलेला असतो किंवा सापडलेलाच नसतो, आणि त्याच्या घरच्यांना जाऊन हात लावावा अशी एवढी एकच गोष्ट जवळपास उरलेली असते. झाड कधी ना कधी वठणारच. परंतु अमुक नाव रस्त्याच्या अमुक ठिकाणी उभे आहे, ही गोष्ट झाड बदलूनही टिकवता येते. नाव आणि जागा यांची ही जोडी तुटली, की उरते ती नुसती सावलीची झाडी. म्हणून पुढे सांगितलेल्या कामांचा क्रम त्या जोडीच्या हिशेबाने लावला आहे, आणि नोंद पुरी होईपर्यंत करवत बाहेर काढू नये, हा त्यातला पहिला नियम आहे.

नाव आणि जागा यांची नोंदवही

एक भक्कम बांधणीची वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा. दोन्ही केले तर अधिक बरे. वहीतली प्रत्येक ओळ एका जागेची असावी, एका झाडाची नव्हे, म्हणजे झाड नसलेल्या जागाही आपोआप नोंदीत येतात. रस्त्याच्या एका टोकाचा न हलणारा बिंदू, उदाहरणार्थ पुलाचा कठडा किंवा कमानीचा पाया, शून्य धरावा, तेथून दोन्ही बाजूंची प्रत्येक जागा फितीने मोजावी, आणि डावी-उजवी बाजू कोणत्या दिशेला तोंड करून धरली आहे हे पहिल्याच पानावर लिहावे. मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश सोबत नोंदवायला हरकत नाही. मात्र साध्या मोबाइलची चूक काही मीटरची असते आणि तेवढ्या अंतरात शेजारच्या सैनिकाचे झाड येऊ शकते, म्हणून फितीचे माप हेच प्रमाण मानावे.

मोजमाप झाले की रांगेची मूळ लय दिसू लागते. बहुतेक झाडे बारा-बारा मीटरवर असतील आणि एके ठिकाणी चोवीस मीटरची मोकळी जागा असेल, तर तेथे एक झाड होते असे धरून जमीन न्याहाळावी. खुंट कुजून गेल्यावर जमीन किंचित खचते, गवताचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो आणि ओलसर दिवसांत तेथेच अळंब्या उगवतात. सकाळच्या तिरप्या उन्हात हे उथळ खळगे जितके स्पष्ट दिसतात, तितके भर दुपारी दिसत नाहीत. जुनी हवाई छायाचित्रे मिळाली तर फारच उत्तम, कारण त्यांत झाडाच्या पर्णसंभारापेक्षा त्याची सावली जास्त उपयोगी पडते. सावलीवरून झाडाची उंची आणि कधीकधी जातही ओळखता येते.

नावांचा शोध हे याहून किचकट काम आहे. लागवडीच्या दिवसाचे वर्तमानपत्रातील वृत्त, नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते, शाळांची दप्तरे, प्रार्थनास्थळांतील नोंदी आणि घराघरांत जपलेली पत्रे, अशा सगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो. शाळांची दप्तरे मुळीच वगळू नयेत. इटलीत १९२२ च्या अखेरीस शिक्षण खात्याचे उपसचिव दारिओ लुपी यांच्या पुढाकाराने गावोगावच्या शाळकरी मुलांनी पहिल्या महायुद्धातील प्रत्येक मृत सैनिकामागे एक झाड लावावे अशी योजना निघाली, आणि स्मरणाच्या अशा वाटा व उद्याने तेथे मोठ्या संख्येने उभी राहिली; अशा ठिकाणी झाड कोणी लावले याची आठवण नगरपालिकेपेक्षा शाळेकडे असण्याची शक्यता अधिक.

झाडे कोणत्या क्रमाने लावली होती, हे कळले तर काम निम्मे होते. ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे १९१७ ते १९१९ या काळात सुमारे २२ किलोमीटर रस्त्यावर सुमारे ३,८०० झाडे लावली गेली. कपड्यांच्या एका कारखान्यातील कामगार स्त्रियांनी तो उद्योग तडीस नेला, आणि तेथे नावे सैन्यात दाखल होण्याच्या क्रमाने आहेत. दुसरीकडे हाच क्रम वर्णानुक्रमाचा, पलटणीनुसार किंवा मृत्यूच्या तारखेनुसारही असू शकतो. क्रम उलगडला की दोन सापडलेल्या पाट्यांच्या मधली हरवलेली नावे बरीचशी आपोआप जागेवर बसतात. तरीही अशी बसवलेली नावे वहीत वेगळ्या शाईने लिहावीत, म्हणजे प्रत्यक्ष पुरावा कोणाचा आहे आणि अनुमान कोणाचे, हे पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्यालाही कळेल. ज्या नावाची जागा कोणत्याच मार्गाने लागत नाही, त्याला मोकळे दिसते म्हणून कुठलेही झाड देऊ नये. अशी नावे रस्त्याच्या तोंडाशी एका सामाईक शिळेवर कोरावीत; उद्या एखादे जुने पत्र सापडले तर चुकीच्या झाडावरून नाव काढून घेण्याची वेळ येत नाही.

एकाच नावाचे दोन सैनिक असणे, आडनावाचे दोन-तीन प्रकारे लेखन होणे, आणि वय लपवण्यासाठी किंवा घरच्यांना कळू नये म्हणून खोट्या नावाने भरती होणे, हे तिन्ही प्रकार नेहमीचे आहेत. केवळ नाव जुळले म्हणून ओळख पटली असे समजू नये. सेवा क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख यांपैकी निदान दोन गोष्टी जुळाव्यात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याचे क्रमांक पलटणीपुरतेच असत, त्यामुळे एकच क्रमांक दोन वेगळ्या माणसांना मिळालेला आढळतो, हेही ध्यानात असू द्यावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या खुल्या सूचीत दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची नोंद आहे आणि पडताळणीची सुरुवात तेथून करणे सोयीचे पडते.

या शोधात एक वाद हमखास निघतो: धारातीर्थी पडलेला म्हणून कोणाला धरायचे? घरी परतून जखमांनी वर्षभरानंतर गेलेला, प्रशिक्षणातच तापाने गेलेला, रुग्णालयात सेवा करताना गेलेली परिचारिका, यांचे काय? वरील आयोगाने पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी मुदत धरली आहे. तीच स्वीकारावी असे नाही, परंतु एखादी मुदत आणि एखादा निकष लेखी ठरवून घ्यावा, आणि तोही पहिल्या वादग्रस्त नावाचा अर्ज हातात पडण्यापूर्वी. मूळ लावणाऱ्यांनी ज्यांना झाड दिले होते, त्यांची पात्रता आज पुन्हा तपासत बसू नये. निकष लावायचा तो फक्त नव्याने येणाऱ्या नावांना.

जमीन कोणाची, निर्णय कोणाचा

रस्ता एका खात्याचा, कडेची पट्टी दुसऱ्याची, तारा आणि नळ तिसऱ्यांचे, झाडांवर अधिकार चौथ्याचा, आणि पाट्या मात्र कोणाच्याच मालकीच्या नाहीत, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. प्रत्येकाकडून लेखी संमती घ्यावी. रस्ता वारसायादीत असेल तर त्या खात्याचा सल्ला सर्वांत आधी घ्यावा. रस्ता-रुंदीकरणाचा एखादा आराखडा कागदावर पडून आहे का, हे विचारायला विसरू नये. दहा वर्षांनी रुंद होणाऱ्या कडेवर शंभर रोपे लावण्यात अर्थ नाही. मृतांच्या ज्या कुटुंबीयांचा पत्ता लागेल, त्यांना झाड तोडण्याची बातमी पत्राने आणि आधी कळवावी.

उभी असलेली झाडे

जिवंत झाडांची तपासणी प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी, कारण रस्त्यावर फांदी पडली तर जीव जातो. तरीही समितीतल्या माणसांना स्वतः काय पाहायचे ते माहीत असले पाहिजे. बुंध्याशी बसून सुरुवात करावी. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना घंटेच्या तोंडासारखा पसरतो. खांब पुरल्याप्रमाणे तो सरळ आत जात असेल, तर वर्षानुवर्षे मातीचा भराव पडून मुळांचा गळा बुजला आहे असे समजावे. बुंध्यापाशी कडक छत्रीसारखी बुरशी, सालीखाली पांढऱ्या बुरशीचा पापुद्रा, लाकडी हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, शेंड्याकडून खाली वाळत येणाऱ्या फांद्या, या सगळ्या खुणा वहीत उतराव्यात. ढोली दिसली म्हणून झाड गेले असे नव्हे. पोकळ खोडाची झाडे अनेक दशके उभी राहतात, आणि शेवटी प्रश्न येतो तो बाहेरचे निरोगी लाकूड किती जाड उरले आहे याचा. ते मोजायला ध्वनिलहरींची आणि बारीक सुईने छेद घेणारी उपकरणे असतात. पन्नास झाडांना एकदम सुई टोचण्यापेक्षा शंकास्पद पाच झाडांवर ती नीट वापरावी.

जुन्या झाडांचे बहुतेक दुखणे मातीत असते. पाणी व अन्न ओढणारी मुळे मुख्यतः वरच्या तीसेक सेंटीमीटर थरात पसरलेली असतात, आणि कडेला उभी राहणारी वाहने नेमका तोच थर दाबून विटेसारखा करतात. किती क्षेत्र सांभाळायचे याचा प्रचलित हिशेब सोपा आहे: छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ ते १.४ मीटरवर, खोडाचा व्यास मोजून त्याची बारा पट घ्यावी आणि तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ राखीव मानावे. फितीने घेर १८८ सेंटीमीटर भरला, तर त्याला ३.१४ ने भागून व्यास सुमारे ६० सेंटीमीटर येतो, आणि राखीव वर्तुळाची त्रिज्या ७.२ मीटर होते. या वर्तुळात वाहने येऊ नयेत म्हणून कडेला ठेंगणे खांब रोवावेत, चर खणू देऊ नये, आणि नळ वा तारा न्यायच्याच असतील तर मुळांच्या खालून आडवे भोक पाडून न्याव्यात. घट्ट झालेली माती हवेच्या झोताच्या यंत्राने मुळे न तोडता मोकळी करता येते. तेवढा खर्च झेपत नसेल, तर लाकडाच्या भुग्याचे व पालापाचोळ्याचे पाच ते दहा सेंटीमीटरचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवून पसरावे आणि गांडुळांना दोन-तीन वर्षे द्यावीत. माझ्या मते जुन्या झाडासाठी पैशाला इतके मोल देणारे दुसरे काम नाही, आणि नेमके हेच काम समारंभात दाखवता येत नाही म्हणून मागे पडते.

छाटणी बेताची असावी. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर वलय असते. काप त्या वलयाच्या बाहेर घ्यावा, खोडाशी सपाट करू नये आणि खुंटीही ठेवू नये. वलय शाबूत राहिले तर झाड स्वतःच जखम बंद करते, त्यावर डांबर किंवा रंग फासल्याने काही लाभ होत नाही. एका वेळी एक चतुर्थांशाहून जास्त जिवंत पालवी काढू नये, आणि शेंडा छाटून झाड बुटके करण्याची सूचना कोणी केली तर ती तेथेच नाकारावी: तशा कापाखालून फुटणाऱ्या लांब फांद्या सालीलगत उथळ जोडलेल्या असतात आणि काही वर्षांनी त्याच प्रथम मोडतात. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळावा, आणि ढोलीत वटवाघळे आहेत का ते पाहिल्याशिवाय फांदीला हात लावू नये. पुष्कळ देशांत त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

कोणते झाड पुन्हा लावायचे

मने सर्वांत जास्त गुंततात ती याच प्रश्नात. मूळ जातच पुन्हा लावावी, हे उत्तर बहुतेकांना पटते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. ऐतिहासिक उद्यानांसाठी १९८१ मध्ये तयार झालेली फ्लॉरेन्स सनद अशा जागेला जिवंत स्मारक मानते, वनस्पती नाशवंत आहेत तशाच पुन्हा उगवणाऱ्या आहेत हे स्पष्टपणे मान्य करते, आणि वेळोवेळी बदलीबरोबर दीर्घ मुदतीचा नूतनीकरणाचा कार्यक्रम आखावा असे सांगते. म्हणजे जुने झाड काढून त्याच जागी त्याच जातीचे नवे लावणे हा विटाळ नव्हे.

तथापि मूळ निवडच चुकली असेल तर? ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे किंग्ज पार्कमध्ये १९१९ पासून सैनिकांच्या नावाने ओकची झाडे लावली गेली. तिथल्या रेताड, कोरड्या जमिनीत ती तग धरेनात, तेव्हा त्यांची जागा निलगिरीच्या जातींनी घेतली. अमेरिकेत मिनीआपोलिसच्या व्हिक्टरी मेमोरियल ड्राइव्हवर १९२१ मध्ये ५६८ मृतांसाठी एल्म जातीची झाडे लावली, त्यांतला पहिला वाण थोड्याच वर्षांत बदलावा लागला, आणि नंतर आलेल्या डौलदार अमेरिकन एल्मवर डच एल्म रोगाने घाला घातला. हा रोग एका बुरशीमुळे होतो. सालीत पोखरणारे भुंगेरे ती झाडोझाडी नेतात, आणि शिवाय शेजारच्या एल्मांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असल्याने ती तेथूनही पुढे सरकते. एका ओळीत एकच जात लावण्याचा हा धोका आहे. अशा रोगट झाडाला हात लावण्यापूर्वी त्याच्या आणि निरोगी शेजाऱ्याच्या मधली मुळे चर खणून तोडावी लागतात, आणि तोडलेले लाकूड साल काढून किंवा बारीक करूनच हलवावे लागते. पुढे मिनीआपोलिसच्या त्या रस्त्यावर वेगवेगळ्या जाती आल्या आणि २०११ मध्ये त्याचे पुनर्लोकार्पण झाले.

शहरी वृक्षांबाबत १९९० मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ सँटामोर यांनी मांडलेला एक आडाखा सांगितला जातो: एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून, एका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त नसावीत. संपूर्ण शहरासाठी तो योग्य आहे. स्मृतिपथासाठी तो शब्दशः लावला, तर सारख्या झाडांच्या सारख्या रांगेतून येणारा सगळा परिणाम नाहीसा होतो, आणि सैनिकांच्या रांगेचा तो आभास हेच तर मूळ योजकांच्या मनात होते. मी येथे मधला मार्ग घेईन. आकार, उंची आणि पानांचा पोत जुळणाऱ्या दोन किंवा तीन जाती निवडाव्यात, समोरासमोरची जोडी नेहमी एकाच जातीची ठेवावी, आणि दर काही जोड्यांनंतर जात बदलावी. चालणाऱ्याच्या डोळ्यांना रांग अखंड दिसते आणि रोगाच्या वाटेत मात्र मधेमधे खंड पडतो. मूळ जातीचे रोगप्रतिकारक वाण मिळत असतील, तर पहिली पसंती त्यांना.

मूळ झाडांपैकी एखादे निरोगी असेल, तर त्याचे बी, फाटे किंवा कलमे आताच घेऊन रोपवाटिकेत वाढवायला द्यावीत, कारण त्यांना लावण्याजोगे व्हायला काही वर्षे लागतात. गॅलिपोलीच्या लोन पाईन या रणभूमीवरून एका ऑस्ट्रेलियन सैनिकाने आपल्या आईला पाइनचे एक शंकूफळ पाठवले होते. त्याच्या बीपासून वाढलेले झाड १९३४ मध्ये कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या आवारात लावले गेले, आणि त्याचे वंशज पुढे कितीतरी ठिकाणी पोचले. कुटुंबीयांना दुसऱ्या जातीचे नवे झाड जड जाते तेव्हा मूळ झाडाचेच रोप आहे, हे सांगता येणे फार मोलाचे ठरते.

एकेक झाड मरेल तसे बदलायचे, की एक टप्पा एकदम? ऑस्ट्रेलियातील बॅकस मार्श येथे १९१८ मध्ये बिगुलाच्या इशाऱ्यावर २८१ एल्म एकाच वेळी लावले गेले. अशा एकवयाच्या रांगेत झाडे म्हातारीही साधारण एकाच सुमारास होतात. मोठ्या झाडांच्या सावलीत मधेच लावलेले रोप प्रकाशाकडे वाकडे वाढते आणि क्वचितच शेजाऱ्यांना गाठते. म्हणून एकटदुकट मोकळी जागा प्रकाश पुरेसा असेल तरच भरावी. जेथे सलग पाच-सात झाडे अखेरच्या अवस्थेत आहेत तेथे तो टप्पा दोन्ही बाजूंनी एकदम नवा करावा, आणि पुढच्या टप्प्यापर्यंत काही वर्षांचे अंतर ठेवावे.

खड्डा, रोप आणि पहिले पाणी

जुन्या खुंटाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. खुंट यंत्राने दळला तर त्याचा भुगा खड्ड्यात ठेवू नये, तो कुजताना मातीतले नत्र खाऊन टाकतो. मुळांवर बुरशी वाढलेली असेल तर शक्य तितकी मुळे आणि आजूबाजूची माती काढून बाहेरची चांगली माती भरावी. ते जमत नसेल तर रोप रांगेतच पुढे किंवा मागे मीटरभर सरकवावे, रांगेच्या बाहेर कधीही नाही, आणि सरकवलेले अंतर वहीत लिहावे. पाटी मात्र मूळ मापावरच राहू द्यावी.

रोप शक्यतो तरुण घ्यावे. समारंभात उंच झाड शोभते, पण समशीतोष्ण हवामानात खोडाच्या दर अडीच सेंटीमीटर व्यासामागे झाडाला जम बसवायला सुमारे एक वर्ष लागते असा अनुभवाचा हिशेब आहे, आणि लहान रोप काही वर्षांत मोठ्याला गाठते. कुंडीतून काढल्यावर मुळे गोल गुंडाळलेली दिसली तर ती धारदार सुरीने कापून मोकळी करावीत, नाहीतर वीस वर्षांनी तीच मुळे खोडाला फास लावतात. मग बोटांनी वरची माती बाजूला करत पहिले जाड मूळ शोधावे. रोपवाटिकेत पुष्कळदा ते आठ-दहा सेंटीमीटर खोल बुजलेले असते, आणि रोप तसेच लावले तर झाड पहिल्या दिवसापासून खोल गेलेले असते. खड्ड्याची खोली या मुळापासून गोळ्याच्या तळापर्यंत मोजावी, तितकीच खणावी, रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवावी आणि बाजू गुळगुळीत राहिल्या असतील तर पहारीने खरवडाव्यात. काठी खड्ड्यावर आडवी ठेवून मूळ काठीच्या पातळीला येते का ते पाहावे. शंका असेल तर दोन बोटे वर ठेवावे, खाली नको. खणलेली तीच माती परत भरावी, पायाने तुडवू नये, पाण्यानेच बसू द्यावी. मान्यवरांच्या हस्ते लावलेल्या झाडांची खोली समारंभ संपल्यावर गुपचूप पुन्हा तपासावी, असे मी अनुभवाने म्हणतो.

आधार द्यायचा तर दोन बाजूंना दोन काठ्या, मऊ रुंद पट्टा, आणि बांधणी खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात असावी. वाऱ्याने थोडे हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. पहिला वाढीचा हंगाम संपला की पट्टे सोडावेत. विसरलेला पट्टा सालीत रुततो, म्हणून सोडण्याचा महिना लावतानाच वहीत टाकावा.

पाट्या

जुनी पाटी वाचता येत नसेल तर ती घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. अंधार पडल्यावर विजेरी पाटीला समांतर धरून एका कडेने प्रकाश टाकला, की झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावली धरतात. विजेरी हळूहळू चारही बाजूंनी फिरवली तर एकेका बाजूने एकेक अक्षर उठून येते, आणि कोणी शेजारी बसून ती लिहून घेतली तर पूर्ण ओळ बऱ्याचदा लागते. पातळ कागद ठेवून मेणखडूने घेतलेला ठसाही उपयोगी पडतो. ब्राँझवरचा तपकिरी-हिरवट थर धातूचे रक्षणच करतो. मऊ ब्रश, साधे पाणी आणि सौम्य साबण एवढ्यावर थांबावे, वाळल्यावर पातळ मेण लावावे; तारेचा ब्रश, आम्ल आणि भांडी घासायची पूड यांतले काहीही वापरू नये.

पाटी झाडाला ठोकलेली असेल आणि साल तिच्या कडांवर चढू लागली असेल, तर स्क्रू वेळीच सैल करावेत. गिळली गेलेली पाटी छिन्नीने काढू जाल तर झाड आणि पाटी दोन्ही जखमी होतील. अशी पाटी आत राहू द्यावी, तिचे छायाचित्र व स्थान नोंदवावे आणि समोर नवी बसवावी. नवी पाटी झाडाला मुळीच लावू नये. बुंधा पुढे किती फुगेल याचा अंदाज घेऊन, निदान दीड मीटर अंतरावर, पदपथाच्या बाजूला ठेंगण्या दगडी ठोकळ्यावर ती तिरपी बसवावी. ब्राँझची पाटी मोडीच्या भावासाठी चोरीला जाते हे गृहीत धरून मागच्या बाजूला जागेचा क्रमांक कोरून घ्यावा, किंवा नाव थेट दगडातच कोरावे.

मजकुरात नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढे पुरते. अधिकाऱ्याची पाटी मोठी आणि शिपायाची लहान असा भेद ठेवू नये; युद्धसमाध्यांच्या बाबतीत हुद्द्याचा भेद नको हे तत्त्व पहिल्या महायुद्धानंतरच मान्य झाले आहे. मूळ पाटीवर नाव चुकीचे कोरले असेल तर ती पाटी जपावी, कारण ती स्वतःच पुरावा आहे, आणि नव्या पाटीवर योग्य नाव घालून दोन्हींची नोंद वहीत करावी. क्यूआर कोड हवाच असेल तर वेगळ्या, बदलता येणाऱ्या पट्टीवर लावावा. संकेतस्थळाचे आयुष्य ब्राँझपेक्षा बरेच कमी असते.

नंतरची वर्षे

नवी झाडे बहुधा दुसऱ्या उन्हाळ्यात मरतात, कारण पहिल्या वर्षी उत्साह असतो आणि दुसऱ्या वर्षी पाणी कोणाचे काम होते हे कोणालाच आठवत नाही. पहिली तीन वर्षे कोरड्या दिवसांत पाणी द्यावेच लागते. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा वीस ते चाळीस लिटर सावकाश मुरवावे, आणि देण्यापूर्वी गोळ्याशेजारी बोटभर खणून माती ओली आहे का ते पाहावे. गवत कापण्याच्या यंत्राने बुंध्याची साल सोलली जाणे हे तरुण झाडाच्या मरणाचे फार मोठे कारण आहे. बुंध्याभोवती गवतच न ठेवता आच्छादनाचे रुंद आळे राखले, की ते टळते. निधी मागताना लागवडीच्या खर्चाशेजारी या तीन वर्षांच्या पाण्याचा आणि पुढील वळण-छाटणीचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा, आणि तो मंजूर झाल्याशिवाय रोपांची मागणी नोंदवू नये.

वर्षातून एकदा, शक्यतो एकाच ठरलेल्या आठवड्यात, दोघांनी वही आणि फीत घेऊन शून्याच्या बिंदूपासून चालायला सुरुवात करावी. एकाने जागेचा क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने झाड, पाटी आणि माप पाहून उत्तर द्यावे. झाड मेले असेल तर तसे लिहावे, पण ओळ खोडू नये. वहीच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी, एक ग्रंथालयात, एक नगरपालिकेच्या दप्तरात आणि एक समितीकडे ठेवाव्यात, तिन्ही एकाच दिवशी अद्ययावत कराव्यात, आणि शेवटच्या ओळीखाली पुढच्या फेरीची तारीख व त्या वेळी चालणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवावीत.